मांडव मोडला तरी कणगी शाबूत: कंटेनरमधला डेटा सांभाळायला शिकताना

आमच्या देवगडकडे दिवाळी झाली की खळं सारवून त्यावर मांडव उभा राहतो. पोफळीचे वासे, वर माडाच्या झापांचं छप्पर. सत्यनारायण, लग्नाची पंगत, आंब्याच्या दिवसांत पेट्या भरणं, सगळं त्या मांडवाखाली. मे संपत आला की तो मोडतात. पावसात तो टिकत नाही, आणि टिकवायची गरजही नसते. पुढच्या वर्षी नवा उभारायचा. पण भात कोणी मांडवात साठवत नाही. भात घरात, कणगीत.

डॉकर म्हणजे प्रोग्राम वेगवेगळ्या बंदिस्त खोक्यांत चालवणारं साधन, आणि त्या खोक्याला कंटेनर म्हणतात. हा कंटेनर म्हणजे असा मांडव आहे. तो मोडायचा आणि पुन्हा उभारायचा, हीच त्याची रीत. नवी आवृत्ती आली, सेटिंग बदलायचं आहे, मशीन बदललं, की जुना कंटेनर काढून टाकतात आणि इमेजवरून, म्हणजे तयार साच्यावरून, नवा उभा करतात. तेव्हा शिकायचं ते एवढंच: कणगी कुठे ठेवायची, ती मांडवाला कशी जोडायची, आणि मांडव मोडताना चुकून तिला हात कसा लागू द्यायचा नाही.

हे मी नुकसान सोसून शिकलो. काकांच्या हापूसच्या ऑर्डरींसाठी मी घरच्या जुन्या लॅपटॉपवर एक छोटी व्यवस्था बसवली होती: एक वेब अ‍ॅप, मागे पोस्टग्रेस डेटाबेस, दोन्ही कंटेनरमध्ये. एप्रिलमधल्या एका संध्याकाळी काहीतरी अडलं, म्हणून सगळं नव्याने सुरू करायला मी एक आज्ञा दिली. तिच्यातली दोन अक्षरं जास्तीची होती. सकाळी काका ओटीवरून विचारत होते, "कालचो हिशोब खंय गेलो रे?" कालचाच नव्हे, पूर्ण हंगामाचा गेला होता. व्हॉट्सअ‍ॅपचे निरोप आणि गाडीवाल्याच्या पावत्या जुळवून तो पुन्हा लिहायला दोन रात्री लागल्या, आणि काही गिऱ्हाइकांचे पैसे नक्की किती आले होते ते शेवटपर्यंत कळलं नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितोय.

लिहिण्याआधी एक सूचना. खालच्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या. आडव्या रेघा, तिरक्या रेघा आणि बरोबरीची चिन्हं जशी आहेत तशीच.

पहिली पायरी: डेटा जाताना डोळ्यांनी पाहा

वाचून पटत नाही, म्हणून आधी हा प्रयोग करा. अल्पाइन नावाची अगदी छोटी लिनक्स इमेज घ्या आणि तिचा कंटेनर उघडा:

डॉकर रन -आयटी --नेम चाचणी अल्पाइन एसएच

आत एक फाइल लिहा:

इको "१२ पेट्या" > /हिशोब

एक्झिट म्हणून बाहेर या. आता "डॉकर स्टार्ट -एआय चाचणी" म्हणून पुन्हा आत जा आणि "कॅट /हिशोब" द्या. फाइल आहे. इथेच नवखा माणूस फसतो. त्याला वाटतं, कंटेनर डेटा सांभाळतो. पुन्हा बाहेर या, "डॉकर आरएम चाचणी" द्या आणि पहिलीच आज्ञा देऊन त्याच नावाचा कंटेनर नव्याने उभा करा. फाइल गेलेली असेल.

असं का होतं? इमेज हे एकावर एक रचलेले थर असतात आणि ते सगळे फक्त वाचण्यापुरते. कंटेनर सुरू झाला की त्यांच्यावर लिहिण्यासाठी एक पातळ थर टाकला जातो. इमेजमधली फाइल बदलली तर तिची प्रत या वरच्या थरात येते आणि बदल त्या प्रतीत होतो. खालचा मूळ थर तसाच राहतो. कंटेनर नुसता थांबवला तर हा वरचा थर शिल्लक असतो. कंटेनर काढून टाकला की थरही जातो. त्यामुळे "महिनाभर नीट चाललं होतं, मग अचानक सगळं गेलं" असं जे सांगतात ते खोटं बोलत नसतात. महिनाभर त्यांनी फक्त थांबवलं आणि सुरू केलं, आणि मग एके दिवशी इमेजची नवी आवृत्ती आणली.

दुसरी पायरी: कणगीचा प्रकार निवडा

डॉकरमध्ये तीन पर्याय आहेत, पण रोजच्या कामात दोनच लागतात.

पहिला व्हॉल्यूम. तुम्ही फक्त नाव द्यायचं, जागा डॉकर ठरवतो. लिनक्सवर ती सहसा /व्हार/लिब/डॉकर/व्हॉल्यूम्स या फोल्डरमध्ये असते आणि आत डोकवायला रूटचे, म्हणजे मशीनच्या मुख्य वापरकर्त्याचे, अधिकार लागतात. विंडोज किंवा मॅकवर डॉकर डेस्कटॉप वापरत असाल तर हे फोल्डर तुमच्या डिस्कवर शोधू नका. तिथे डॉकर एका आभासी लिनक्स मशीनमध्ये चालतो आणि व्हॉल्यूम त्या मशीनच्या पोटात असतात.

दुसरा बाइंड माउंट. तुमच्या मशीनवरचं तुम्हाला माहीत असलेलं फोल्डर कंटेनरच्या आत दाखवायचं. आपण लिहितो तो कोड, कॉन्फिगरेशनच्या फाइली, आंब्याचे फोटो, म्हणजे जे बाहेरूनही उघडून पाहायचं असतं त्याला हा बरा.

तिसरा टीएमपीएफएस, तो लिनक्सवरच चालतो आणि डेटा मेमरीत ठेवतो. कंटेनर थांबला की साफ. तात्पुरत्या गोष्टींपुरता ठीक, पण टिकवण्याशी त्याचा संबंध नाही.

माझं मत स्पष्ट आहे: डेटाबेस असेल तर नाव दिलेला व्हॉल्यूमच वापरा. बाइंड माउंटमध्ये फाइलींच्या मालकीची कटकट होते. कंटेनरच्या आतला पोस्टग्रेसचा वापरकर्ता आणि बाहेरचे तुम्ही हे लिनक्सच्या दृष्टीने दोन वेगवेगळे क्रमांक असतात. डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेल्या अधिकृत इमेजमध्ये पोस्टग्रेसचा क्रमांक ९९९, अल्पाइनवाल्या इमेजमध्ये ७०. नुसतं अल्पाइनवरून डेबियनवर गेलात तरी "परवानगी नाही" अशी ओरड सुरू होऊ शकते. अशा वेळी वैतागून फोल्डरला ७७७ करू नका, म्हणजे ते सगळ्यांना पूर्ण उघडं करू नका. आत कोणता क्रमांक लागतो ते पाहा आणि मालकी त्याला द्या.

या दोघांत आणखी एक फरक आहे, तो लक्षात नसेल तर अर्धा दिवस जातो. रिकामा व्हॉल्यूम अशा जागी जोडला जिथे इमेजमध्ये आधीच फाइली आहेत, तर डॉकर त्या फाइली व्हॉल्यूममध्ये उतरवून घेतो. बाइंड माउंट तसं करत नाही, तो जागा झाकून टाकतो. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या मुख्य पानाच्या फोल्डरवर तुमचं रिकामं फोल्डर जोडलंत तर ब्राउझरमध्ये ४०३, म्हणजे प्रवेश नाकारल्याची चूक, येते. पानं इमेजमध्ये आहेतच, पण ती तुमच्या रिकाम्या फोल्डरखाली दडली.

तिसरी पायरी: व्हॉल्यूम बनवा, जोडा, आणि जोडला गेला का ते तपासा

डॉकर व्हॉल्यूम क्रिएट आंबा

डॉकर रन -डी --नेम हिशोब -ई पोस्टग्रेस_पासवर्ड=तुमचा_गुप्तशब्द --माउंट टाइप=व्हॉल्यूम,सोर्स=आंबा,टार्गेट=/व्हार/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल/डेटा पोस्टग्रेस:१७

पोस्टग्रेस_पासवर्ड हे नाव कॅपिटल अक्षरांत लिहायचं. हा पासवर्ड फक्त पहिल्यांदा, व्हॉल्यूम रिकामा असतानाच लागू होतो. नंतर इथे बदललात तरी डेटाबेसच्या आतला जुनाच राहतो. पासवर्ड बदलला आणि तरी आत जाता येत नाही म्हणून व्हॉल्यूम पुसून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. पुसायचं काही कारण नसतं, डेटाबेसमध्ये जाऊन तिथे बदलायचा.

जुन्या लेखांत --माउंटऐवजी -व्ही दिसेल. चालतं तेही, आणि लिहायला थोडकं आहे. पण बाइंड माउंट करताना फोल्डरचं नाव लिहिण्यात चूक झाली तर -व्ही गुपचूप त्या चुकीच्या नावाचं रिकामं फोल्डर बनवतो, आणि --माउंट चूक दाखवून थांबतो. शिकताना थांबणाऱ्याची संगत धरा. आणखी जुन्या लेखांत फक्त डेटा धरून बसलेला वेगळा कंटेनर बनवायला सांगितलेलं असतं. डॉकर जगासमोर आला २०१३ साली, आणि व्हॉल्यूमसाठीच्या स्वतंत्र आज्ञा आल्या २०१५ च्या अखेरीस. मधल्या काळातली ती युक्ती. आज तिची गरज नाही.

आता सगळ्यात कपटी चूक. टार्गेट चुकलं तर काय होतं? बहुतेक डेटाबेसच्या इमेजमध्ये "या जागेला व्हॉल्यूम लागतो" असं आधीच लिहून ठेवलेलं असतं. तुम्ही दुसऱ्याच जागी व्हॉल्यूम जोडलात तर डॉकर त्या खऱ्या जागेसाठी एक बिननावाचा व्हॉल्यूम आपणहून बनवतो, ज्याचं नाव म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. डेटा तिथे जाऊन पडतो. थांबवा, सुरू करा, सगळं ठीक. कंटेनर काढून नवा उभा केलात की नवा बिननावाचा व्हॉल्यूम बनतो आणि डेटाबेस रिकामा दिसतो. तुमचा आंबा नावाचा व्हॉल्यूम मात्र पहिल्या दिवसापासून रिकामाच होता. म्हणून जोडल्यावर लगेच "डॉकर इन्स्पेक्ट हिशोब" द्या आणि माउंट्सच्या भागात तुम्ही दिलेलं नाव योग्य जागेसमोर आहे का ते वाचा.

पोस्टग्रेसबाबत हे आता जास्त जपायला हवं, कारण आवृत्ती १८ पासून अधिकृत इमेजने जागा बदलली आहे. तिथे व्हॉल्यूम एक पायरी वर, म्हणजे /व्हार/लिब/पोस्टग्रेएसक्यूएल इथे जोडायचा. मारियाडीबी आणि मायएसक्यूएलची जागा /व्हार/लिब/मायएसक्यूएल. इमेजचं पान उघडून जागा वाचल्याशिवाय लिहू नका.

मग पहिल्या पायरीतला प्रयोग इथे पुन्हा करा. एक टेबल बनवा, एक ओळ घाला, "डॉकर आरएम -एफ हिशोब" देऊन कंटेनर मोडा, वरचीच आज्ञा पुन्हा द्या. ओळ जागेवर असेल तरच पुढे जा.

चौथी पायरी: कंपोज, आणि ती दोन अक्षरं

दोन-तीन कंटेनर झाले की लांबलचक आज्ञा लिहिण्यापेक्षा कंपोजची फाइल सोयीची. सगळे कंटेनर एकाच फाइलीत लिहून एका आज्ञेत उभे करायची ही डॉकरची सोय. सर्व्हिसच्या, म्हणजे त्या-त्या कंटेनरच्या नोंदीच्या, खाली कुठला व्हॉल्यूम कुठे जोडायचा ते लिहायचं आणि फाइलच्या तळाशी व्हॉल्यूम्स या शीर्षकाखाली त्याचं नाव घोषित करायचं. पण कंपोज त्या नावाच्या आधी प्रोजेक्टचं नाव चिकटवतो, आणि प्रोजेक्टचं नाव वेगळं सांगितलं नसेल तर ते असतं फोल्डरचं नाव. फाइल "बाग" नावाच्या फोल्डरमध्ये असेल तर व्हॉल्यूम होतो बाग_आंबा. उद्या फोल्डरचं नाव "बाग२" केलंत की कंपोज बाग२_आंबा नावाचा नवा रिकामा व्हॉल्यूम बनवेल आणि तुमच्या काळजाचा ठोका चुकेल. जुना कुठे गेलेला नसतो. "डॉकर व्हॉल्यूम एलएस" दिलंत की दोन्ही दिसतील.

यावर माझा उपाय असा. व्हॉल्यूम आधी हाताने बनवायचा, तिसऱ्या पायरीत बनवला तसा, आणि कंपोजच्या फाइलमध्ये त्याच्याखाली "एक्स्टर्नल: ट्रू" लिहायचं. मग कंपोज त्याच्या नावात ढवळाढवळ करत नाही, आणि मुख्य म्हणजे तो कधी पुसतही नाही.

पुसण्यावरून ती दोन अक्षरं. "डॉकर कंपोज डाउन" ही आज्ञा कंटेनर आणि नेटवर्क काढते, व्हॉल्यूमला हात लावत नाही. "डॉकर कंपोज डाउन -व्ही" फाइलमध्ये घोषित केलेले व्हॉल्यूमही काढते, विचारत नाही, आणि ते परत येत नाहीत. एक रेघ आणि एक अक्षर. माझा हंगाम त्यातच गेला. रन करताना -व्ही म्हणजे व्हॉल्यूम जोड, आणि डाउन करताना -व्ही म्हणजे व्हॉल्यूम पुसून टाक. एकच खूण, अर्थ उलटे.

डिस्क भरली की लोक प्रूनकडे, म्हणजे न वापरलेलं साफ करणाऱ्या आज्ञांकडे, वळतात, तिथेही जपून. "डॉकर सिस्टम प्रून" आपणहून व्हॉल्यूम काढत नाही, पुढे --व्हॉल्यूम्स लिहिलं तर काढतो. "डॉकर व्हॉल्यूम प्रून" डॉकरच्या २३ व्या आवृत्तीपासून फक्त बिननावाचे, कुठल्याच कंटेनरला न जोडलेले व्हॉल्यूम काढतो. -ए जोडलं तर नाव दिलेलेही. त्याआधीच्या आवृत्त्यांत न वापरलेले सगळेच जायचे. दुरुस्तीसाठी कंटेनर काढून ठेवला आहे आणि त्याच वेळी कोणी प्रून चालवला, तर तुमचा व्हॉल्यूम त्या क्षणी "न वापरलेला" ठरतो. आधी "डॉकर सिस्टम डीएफ" देऊन जागा नक्की कशाने खाल्ली ते पाहा. बहुतेक वेळा जुन्या इमेजनी खाल्लेली असते.

पाचवी पायरी: वीज जाते तिथे

शहरातल्या डेटा सेंटरसाठी लिहिलेल्या लेखांत हा भाग नसतो, आणि आपल्याकडे तो सगळ्यात आधी लागतो. मेमधल्या वळवाच्या पावसात आमच्याकडे दिवसातून चार-पाच वेळा वीज जाते. पोस्टग्रेस हे सोसायला बनवलेला आहे: प्रत्येक बदल आधी तो नोंदवहीत लिहितो, मग मुख्य फाइलींत, आणि अचानक बंद पडून पुन्हा उठला की नोंदवही वाचून स्वतःला सावरतो. पण त्यासाठी "लिहिलं" असं डिस्कने सांगितल्यावर ते खरंच लिहिलेलं असावं लागतं. रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर स्वस्त मेमरी कार्डात डेटाबेस ठेवून पावसाळा काढू नका. एसएसडी घ्या, आणि इन्व्हर्टरच्या जोडीला छोटा यूपीएस.

वीज परत आल्यावर कंटेनर आपोआप उठावा म्हणून "--रीस्टार्ट अनलेस-स्टॉप्ड" लावतात. लावाच, पण डेटा बाहेरच्या यूएसबी डिस्कवर बाइंड माउंट केलेला असेल तर एक गोष्ट ऐका. लिनक्समध्ये ती डिस्क एखाद्या रिकाम्या फोल्डरवर जोडली जाते. मशीन उठताना डिस्क जोडली जायच्या आधी डॉकर सुरू झाला, तर कंटेनरला ते रिकामं फोल्डर दिसतं. डेटाबेस म्हणतो, इथे काहीच नाही, नव्याने सुरुवात करतो, आणि पुढच्या ऑर्डरी तिथे लिहायला लागतो. मग डिस्क जोडली गेली, मशीन पुन्हा बंद-चालू झालं, की जुना डेटा परत येतो आणि मधल्या ऑर्डरी गायब. दोन अर्धवट वह्या.

यावर साधी तोड आहे. डिस्कच्या मुळाशी जोडू नका. डिस्कवर आत एक फोल्डर बनवा, समजा "भांडार", आणि --माउंटने तेच जोडा. डिस्क नसेल तर भांडार सापडणार नाही आणि कंटेनर सुरू होण्याऐवजी चूक दाखवेल. कंपोजमध्ये बाइंडच्या लांब लेखनात "क्रिएट_होस्ट_पाथ: फॉल्स" लिहा, म्हणजे तो आपणहून फोल्डर बनवणार नाही.

एक बारीकशी गोष्ट इथेच. "डॉकर स्टॉप" कंटेनरला आवरायला १० सेकंद देतो आणि मग जबरदस्तीने मारतो. मोठ्या डेटाबेसला तेवढे पुरत नाहीत. कंपोजमध्ये "स्टॉप_ग्रेस_पीरियड" वाढवून १ मिनिट करा.

सहावी पायरी: दुसरी प्रत, दुसऱ्या जागी

व्हॉल्यूम कंटेनरपेक्षा जास्त टिकतो, पण तो त्याच डिस्कवर असतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. दुकानाच्या संगणकात हिशोब आणि त्याच टेबलाच्या खणात बॅकअपची डिस्क, असं असेल तर पाणी दोन्ही एकदम नेतं.

डेटाबेसची प्रत घ्यायची रीत ही:

डॉकर एक्झेक हिशोब पीजी_डंप -यू पोस्टग्रेस -एफसी बाग > बाग.डंप

इथे "बाग" हे डेटाबेसचं नाव, आणि -यूचा यू कॅपिटल, -एफसीमधला एफ कॅपिटल, सी लहान. डेटाबेस चालू असतानाही ही प्रत सुसंगत निघते. मधे -टी घालू नका, त्याने फाइलमध्ये नको ते बदल होतात. चालू डेटाबेसच्या व्हॉल्यूममधल्या फाइली नुसत्या कॉपी करू नका, कारण कॉपी होत असताना त्या बदलत असतात आणि हाती पडलेली प्रत उघडेलच असं नाही.

फोटो, पावत्यांच्या पीडीएफ असल्या साध्या फाइलींच्या व्हॉल्यूमसाठी मात्र अल्पाइनचा एक तात्पुरता कंटेनर उभा करून टारची, म्हणजे सगळ्या फाइली एकत्र बांधणाऱ्या प्रोग्रामची, गाठोडी बांधता येते. जुना व्हॉल्यूम फक्त वाचण्यापुरता जोडायचा:

डॉकर रन --आरएम -व्ही फोटो:/मूळ:आरओ -व्ही "$पीडब्ल्यूडी":/प्रत अल्पाइन टार सीझेडएफ /प्रत/फोटो.टार.जीझेड -सी /मूळ .

पहिल्या "सीझेडएफ"ची अक्षरं लहान, नंतरच्या एकट्या -सीचा सी कॅपिटल, पीडब्ल्यूडी कॅपिटल, आणि शेवटचा ठिपका विसरायचा नाही. डेटाबेस नीट थांबवला असेल तर त्याच्या व्हॉल्यूमलाही हीच रीत लागू पडते.

पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलताना, म्हणजे १६ वरून १७, हाच डंप कामी येतो. जुन्या आवृत्तीच्या फाइली नवी आवृत्ती वाचत नाही, ती सुरूच होत नाही. नवा व्हॉल्यूम, नवा कंटेनर, त्यात डंप उतरवायचा, आणि जुना व्हॉल्यूम निदान महिनाभर तसाच ठेवायचा. कंपोजमध्ये "लेटेस्ट" न लिहिता आवृत्तीचा आकडा लिहावा तो याचसाठी. नाहीतर ही उडी तुम्हाला न विचारता मारली जाते.

आणि प्रत उतरवून पाहा. मी आगोटीच्या दिवसांत, सुकी मासळी, मसाला, लाकडं आत घेतात तेव्हा, हे काम करतो. "आंबा_चाचणी" नावाचा नवा व्हॉल्यूम, त्यावर वेगळ्या नावाचा कंटेनर "पाहणी", आत "बाग" नावाचा रिकामा डेटाबेस, आणि मग:

डॉकर एक्झेक -आय पाहणी पीजी_रिस्टोअर -यू पोस्टग्रेस -डी बाग < बाग.डंप

-आय विसरलात तर डंप आत पोहोचतच नाही. उतरवून झालं की एकूण ऑर्डरी मोजा आणि शेवटची तारीख पाहा. दोन्ही चालू डेटाबेसशी जुळली पाहिजेत. गेल्या वर्षी माझ्या नाही जुळल्या. रोजचा बॅकअप १४ मेपासून रिकाम्या फाइली बनवत होता, कारण मी कंटेनरचं नाव बदललं होतं आणि बॅकअपच्या फाइलमध्ये जुनंच राहिलं होतं. त्या दिवसापासून बॅकअप झाल्यावर फाइलचा आकार माझ्या फोनवर येतो.

जुळलं की पाहणीचा कंटेनर आणि आंबा_चाचणी दोन्ही काढा. काढताना नाव दोनदा वाचा. डंपची एक प्रत क्लाउडवर कुलूप लावून चढवा. दुसरी एका डिस्कवर घ्या, वर मार्करने तारीख लिहा, आणि पाऊस लागायच्या आत घाटावर जाणाऱ्या घरच्या कोणाच्या तरी पिशवीत टाका. आमची कोल्हापूरला आत्याकडे जाते.